नवमी ती नवमीच: एका परिक्रमेचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण इंदूरच्या एका काकूंचं आहे. वय ६४, राहणं लोकमान्यनगरात, मुलगा-सून पुण्याला. यजमान वीज मंडळातून निवृत्त झालेले. हृदयविकाराच्या झटक्याने अचानक गेले. दोघांनी मिळून नर्मदा परिक्रमा करायची, ही त्यांची इच्छा राहून गेली. वर्षश्राद्ध झाल्यावर काकूंनी ती एकटीनेच करायचं ठरवलं आणि निघण्याआधी माझ्याकडे आल्या. मी समुपदेशनाचं काम करते. काकूंच्या परवानगीनेच लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्यांचा प्रश्न अगदी साधा होता. "रडू येईल त्याचं काही नाही हो, ते घरीही येतंच. पण गाडी चुकली, सामान हरवलं, तब्येत बिघडली तर मी कोलमडेन. तिकिटापासून टॅक्सीपर्यंत सगळं हेच बघायचे. मी नुसती खिडकीशी बसायचे."

माझ्या मते या प्रकरणाचं मर्म याच वाक्यात आहे. प्रवासात विघ्नं सगळ्यांनाच येतात. पण जोडीदार गेलेल्या माणसाच्या प्रवासात गाडीचा क्लच गेला, तर त्यामागून लगेच "हे असते तर" येतं, आणि त्यामागून "मी निघायलाच नको होतं, हा अपशकुनच". एका बिघाडाला अशी तीन ओझी लटकतात. काकूंना आनंदी राहायला शिकवण्याची गरज नव्हती. बिघाड, आठवण आणि शकुन यांची गाठ सोडवायची होती.

निघण्यापूर्वी

आधी मी एक गोष्ट तपासली. शोक कधीकधी माणसाला असा धरून बसतो की त्यावर उपचारच लागतात. जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११ ही आजारांची वर्गवारी त्यासाठी किमान ६ महिन्यांचा काळ धरते, तर अमेरिकेची डीएसएम-५-टीआर (२०२२) प्रौढांसाठी वर्षभराचा. पण नुसते महिने मोजून भागत नाही. तीव्र ओढ रोजची आहे का, जगण्यात काही अर्थ उरला नाही असं वाटतं का, घरचं-दारचं काम ठप्प झालंय का, हे पाहावं लागतं. काकू जेवत होत्या, झोपत होत्या, भिशीला जात होत्या, भाजीवाल्याशी घासाघीस करत होत्या. दुःख भरपूर होतं, विकार नव्हता. तसं नसतं तर मी त्यांना आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. (घरात कुणाची अशी अवस्था वाटत असेल आणि कुठे जावं कळत नसेल, तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे.)

शोकाबद्दल मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शुट या दोन अभ्यासकांनी १९९९ मध्ये एक मांडणी केली. मला ती रोजच्या कामात फार उपयोगी पडते. त्यांचं म्हणणं असं की शोक करणारा माणूस एका पायरीवरून दुसरीवर असा चढत जात नाही. तो दोन कामांमध्ये ये-जा करत असतो. एक काम गेलेल्या माणसाकडे वळण्याचं: आठवणी, रडणं, फोटो. दुसरं मागे उरलेल्या आयुष्याकडे वळण्याचं: बँकेचे व्यवहार, गॅसचा नंबर, पूर्वी तो माणूस करायचा ती कामं अंगावर घेणं. ही ये-जा चालू राहणं हेच बरं होणं. काकूंच्या परिक्रमेत ही दोन्ही कामं एकाच गाडीत बसणार होती, म्हणून ती अवघड होती. आणि म्हणूनच ती त्यांच्या फायद्याची ठरेल असं मला वाटलं.

मी त्यांना एक साधी वही दिली. काही बिनसलं की डाव्या पानावर फक्त घडलं ते लिहायचं: काय झालं, कशामुळे, आता कुणाला विचारायचं, किती वेळ लागेल. उजवं पान काकांचं. तिथे वाटेल ते लिहावं, काही आठवलं नाही तर कोरं सोडावं. डाव्या पानावर "हे असते तर" लिहायचं नाही, एवढा एकच नियम. काकू हसल्या. "म्हणजे हिशेबाची वही वेगळी आणि पत्र वेगळं."

त्यांच्याकडे आणखी एक वही होती, काकांची. त्यात त्यांनी परिक्रमेचा आराखडा करून ठेवला होता: मुक्काम, अंतरं, धर्मशाळांचे नंबर, कुठे काय खावं. काकूंना त्याबरहुकूम जायचं होतं. मी तेव्हाच बजावलं की वही जुनी आहे, काही ठिकाणं तशी राहिली नसतील. माझं सांगणं त्यांना आवडलं नाही, हे चेहऱ्यावर दिसलं.

वाट

ज्यांना परिक्रमेची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. नर्मदा अमरकंटकला उगम पावते आणि सुमारे १३१२ किलोमीटर वाहून भरूचपुढे खंभातच्या आखाताला मिळते. तिला उजव्या हाताला ठेवून दोन्ही काठांनी फिरायचं आणि निघालो तिथे परत यायचं. मध्ये कुठेही नदी ओलांडायची नाही. शास्त्राप्रमाणे पायी परिक्रमा ३ वर्षं, ३ महिने आणि १३ दिवसांची; काकू गेल्या त्या गाडीच्या परिक्रमेला दोन-तीन आठवडे लागतात. चातुर्मासात परिक्रमा थांबते, म्हणून लोक कार्तिकी एकादशीनंतर निघतात. आपल्याकडचे बरेच जण ओंकारेश्वरहूनच उचलतात. दक्षिण तटावर कुपीत जल भरून संकल्प करायचा आणि कुपी शेवटपर्यंत जपायची.

काकूंचा बेत तिथीला बांधलेला होता. काका दत्तभक्त. मार्गशीर्ष शुद्ध नवमी ही ते गेले ती तिथी, आणि त्या दिवशी गुजरातेत नर्मदाकाठी असलेल्या गरुडेश्वरला, दत्तसंप्रदायातल्या टेंब्ये स्वामींच्या समाधीपाशी असायचं, असं काकूंनी मनाशी धरलं होतं. प्रवास आयोजित करणाऱ्यांनी तारखा पाहून "आरामात पोचू" असं सांगितलं होतं.

पहिला धक्का बडवानीला बसला. काकांच्या वहीत "राजघाट, मुक्काम, घाटावर संध्याकाळ" असं लिहिलेलं होतं. सरदार सरोवराचे दरवाजे २०१७ मध्ये बंद झाले आणि २०१९ च्या पावसाळ्यात धरण पहिल्यांदा १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरलं. जुना राजघाट त्या पाण्याच्या पोटात गेला. गांधीजींच्या रक्षेचं तिथलं स्मारकसुद्धा २०१७ मध्येच हलवावं लागलं. काकूंनी त्या रात्री मला फोन केला. "ह्यांचं पान बुडालं हो," म्हणाल्या, आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मी धीराचे शब्द शोधले नाहीत. ज्या गावांची घरं-शेतं गेली त्यांच्यापुढे आपलं एक पान काय, असं त्याच थोड्या वेळाने म्हणाल्या. मी सुचवलेलं नव्हतं. तुलना दुःखी माणसाने स्वतः केली तर तिचा आधार होतो. दुसऱ्याने केली तर ती टोचते.

दुसऱ्या दिवशी खेतियाच्या अलीकडे गाडीचा क्लच गेला. वहीतली ती दोन पानं काकूंनी मला नंतर दाखवली. डावं पान: "क्लच प्लेट जळाली. मेकॅनिक शहाद्याहून येणार. ड्रायव्हर भिया म्हणतो चार तास, म्हणजे सहा. बीपीची गोळी घेतली. शेजारच्या शेतात बायका कापूस वेचतायत, त्यांच्याकडून पाणी घेतलं." उजवं पान: "गाडी बंद पडली की हे बॉनेट उघडून कमरेवर हात ठेवून उभे राहायचे. त्यातलं काही कळत नव्हतं. पण उभे राहायचे, म्हणून आम्हाला बरं वाटायचं." हे वाचून दाखवताना काकू इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. गेलेल्या माणसाबद्दल बोलताना असं मनापासून हसू येणं हा हलकेपणा आहे असं पुष्कळांना वाटतं. डॅकर केल्टनर आणि जॉर्ज बोनॅनो यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जोडीदार गेल्यानंतर सुमारे सहा महिन्यांनी लोकांशी बोलून पाहिलं, तर ज्यांना बोलता बोलता खरं हसू फुटलं त्यांचा त्रास तुलनेने कमी असल्याचं आढळलं. हसल्यामुळे त्रास कमी झाला असं त्यातून सिद्ध होत नाही. पण हसणाऱ्या विधवेकडे भुवया उंचावून बघणाऱ्यांनी तेवढं तरी ध्यानात घ्यावं.

कुपीचं झाकण सैल होऊन जल सांडलं, तेही याच टप्प्यात. बरोबरच्या एका अनुभवी आजींनी सांगितलं, ज्या मैयाचं आहे तिच्याकडूनच पुन्हा भरून घ्या. प्रश्न मिटला.

विमलेश्वर

खरी परीक्षा समुद्राशी होती. दक्षिण तट संपतो तिथे, भरूच जिल्ह्यात, विमलेश्वर आहे. तिथून होडीने मुखाजवळचं पाणी पार करून पलीकडे मिठी तलाईला उतरायचं आणि उत्तर तट धरायचा. पाण्यावर तीन-चार तास जातात. गाडी रिकामी, भरूचच्या पुलावरून वळसा घालून येते. काकूंचा गट पोचला सप्तमीला. अष्टमीला होडी, नवमीला गरुडेश्वर, अजूनही जमण्यासारखं होतं.

अष्टमीला होडी निघालीच नाही. समोर समुद्र म्हणावा असं काही नव्हतं. दूरवर करडा चिखल आणि त्यात एका कुशीवर कललेल्या होड्या. नावाडी म्हणाले, पाणी चढत नाही, थांबा. गटात कुरबुर सुरू झाली. कुणी म्हणालं, मैया परीक्षा घेते. कुणी काकूंकडे वळून म्हणालं, जे होतं ते भल्यासाठीच. काकू मला फोनवर म्हणाल्या, "मला कळत होतं की त्या चांगल्या मनाने म्हणतायत. पण मला ओरडावंसं वाटलं, की हे गेले तेही भल्यासाठीच का?"

ही ओळ मी मुद्दाम लिहिते आहे. श्रद्धेची वाक्यं श्रद्धावंताने स्वतःच्या तोंडाने म्हणावीत. दुसऱ्याच्या जखमेवर ती आपण होऊन ठेवू नयेत, हेतू कितीही चांगला असो.

काकूंना सावरलं ते वेगळ्याच माणसाने. गटात गुहागरकडचे, एसटीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. ते काकूंना किनाऱ्यावर घेऊन गेले आणि रोवलेल्या एका लाकडी खांबावरच्या ओल्या खुणा दाखवल्या. वरची खूण पार डोक्याच्या वर, आजची गुडघ्याशी. "बाई, ती वरची उधाणाची. पुनव-अवसेला पाणी तिथवर येतं. आज भांग आहे. अष्टमी आणि नंतरचे एक-दोन दिवस भरती अशीच मरतुकडी. द्वादशीला बघा, होडी उचलेल." माळव्यात जन्म गेलेल्या बाईला हे कुठून ठाऊक असणार? पौर्णिमा-अमावास्येला चंद्र-सूर्याची ओढ एका रेषेत येते आणि भरती मोठी होते. अष्टमीच्या सुमारास त्या दोन ओढी काटकोनात असतात आणि भरती खुजी राहते, तोच भांग. खंभातचं आखात तर देशातल्या सर्वांत मोठ्या भरती-ओहोटीच्या जागांपैकी एक, त्यामुळे तिथला फरक आणखी ठळक.

त्या रात्रीचं डावं पान: "भांग. द्वादशीपर्यंत होडी नाही. कुणाची चूक असेल तर तारखा ठरवणाऱ्यांची, पंचांग बघायला हवं होतं. माझ्या नशिबाचा संबंध नाही." शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा.

ज्या गोष्टीचं कारण कळतं तिच्यात शकुन शोधायची गरज उरत नाही. "सकारात्मक राहा" हा सल्ला पोकळ वाटतो, कारण त्यात धरायला काही नसतं. खांबावरची खूण काकूंना धरता आली. होडी अडली होती चंद्रामुळे. मग काकांची आठवण आली ती निर्भेळ आली, अपराधाशिवाय.

नवमी विमलेश्वरलाच झाली. काकूंनी गटाच्या स्वयंपाकी महाराजांना विचारून चूल मागून घेतली. गावातून दूध आणवलं, तांदळाची खीर केली. वेलदोडे मिळाले नाहीत, जायफळही नाही. काकांना वेलदोड्याशिवाय खीर चालायची नाही, हे त्यांनी वाढताना प्रत्येकाला सांगितलं. होडीसाठी खोळंबलेले पायी परिक्रमावासीही पंगतीला होते. उजव्या पानावर त्या दिवशी फक्त खिरीचं प्रमाण लिहिलेलं आहे, किती जणांना किती लागलं ते.

द्वादशीला होडी निघाली. गट गरुडेश्वरला पोचला चतुर्दशीला, म्हणजे दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी. गर्दी तुफान, खोली नाही, हॉलमध्ये सतरंजीवर रात्र. तेव्हा सगळे काकूंना म्हणू लागले, बघा, दत्तजयंती मिळावी म्हणूनच उशीर झाला. काकूंनी उत्तर दिलं: "दत्तजयंती मिळाली, आनंदच झाला. पण नवमी ती नवमीच."

मला हे उत्तर फार मोलाचं वाटतं. मिळालं ते नाकारलं नाही, आणि हुकलं त्यावर मिळाल्याचा मुलामाही चढवला नाही.

जिथे हसून सोडायचं नव्हतं

नेमावरला, नर्मदेच्या नाभिस्थानी, बायका मैयाची ओटी भरत होत्या. काकूंनी इंदूरहून खास साडी आणली होती, काकांनी घेतलेली, घडी न मोडलेली. सोबतची एक बाई म्हणाली, "तुम्ही नका भरू, माझ्याकडे द्या, मी भरते."

हा प्रवासातला अपघात नव्हे. भांगाच्या भरतीला जे लागू ते इथे लागू नाही. हा माणसाने माणसाला केलेला अपमान आहे, आणि तो सकारात्मकपणे गिळायला मी कुणालाही सांगणार नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव २०२२ मध्ये केला, त्याची केवढी चर्चा झाली. इंदूरच्या मराठी घरांत ती पोचायला हवी तितकी पोचलेली नाही.

काकू त्या बाईला म्हणाल्या, "ताई, काल महेश्वरला ज्या घाटावर आंघोळ केलीत, तो बांधणारी कोण होती?" अहिल्याबाईंचे पती खंडेराव होळकर १७५४ मध्ये कुम्हेरच्या वेढ्यात पडले, त्यानंतर अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ राज्य केलं, घाट-देवळं बांधली. इंदूरच्या पोरासोरांना हे पाठ असतं. त्या बाईकडे उत्तर नव्हतं. काकूंनी ओटी स्वतः भरली. वहीत या दिवसाची दोन्ही पानं कोरी आहेत. का, असं मी विचारलं. "हे लिहायचं नव्हतं, करायचं होतं," म्हणाल्या.

जबलपूर आणि नंतर

जबलपूरला काकूंना ताप भरला, छातीत कफ. डॉक्टरांनी अमरकंटकच्या थंडीत जाऊ नका म्हणून सांगितलं. मुलाचा पुण्याहून फोन: "आई, बाबांसाठी खूप केलंस, आता घरी ये." काकूंना परतणं म्हणजे हरणं वाटत होतं, शिवाय नदी न ओलांडण्याचा संकल्प. इटारसीवरून आलं तर रेल्वे नर्मदा दोनदा ओलांडते.

आम्ही फोनवर नकाशा काढून बसलो. जबलपूर उत्तर तटाला, इंदूरही उत्तरेलाच. कटनी, दमोह, सागर, बीना, भोपाळ असं आलं तर नर्मदा कुठेच आडवी येत नाही. लांबचा पल्ला, गाडी बदलावी लागते, पण संकल्प मोडत नाही. खंड पाडून परिक्रमा करण्याची रीतही आहेच. बीनाचं तिकीट काकूंनी स्वतः, आयुष्यात पहिल्यांदा, मोबाइलवर काढलं. माझ्या लेखी या प्रकरणातली ही सर्वांत मोठी घटना आहे, गरुडेश्वरपेक्षाही.

कुपी घरी देवघरात राहिली. माघ शुद्ध सप्तमीची नर्मदा जयंती झाल्यावर काकू नणंदेला घेऊन त्याच वाटेने जबलपूरला गेल्या. तिथून भाड्याच्या गाडीने अमरकंटक, मंडला, नर्मदापुरम करत ओंकारेश्वरला पोचल्या. या खेपेला विशेष काही बिघडलं नाही. फक्त नणंदेची चप्पल चोरीला गेली, आणि तिला काकूंनीच समजावलं.

परत आल्यावर काकू पूर्ण बऱ्या झाल्या असं मी म्हणणार नाही. संध्याकाळी सातची वेळ, काका फिरून यायचे ती, अजून कठीण जाते. त्यांची स्कूटर विकायचा विषय निघाला की त्या उठून स्वयंपाकघरात जातात. पण विजेचं बिल, विम्याचे कागद, डॉक्टरांची वेळ आता त्या स्वतः बघतात. कॉलनीतलं कुणी परिक्रमेला निघालं की चौकशीला त्यांच्याकडे येतं. काकू पंचांग उघडून आधी विमलेश्वरची तिथी बघायला लावतात, गोळ्या दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवायला सांगतात, आणि काकांच्या वहीतल्या जुन्या मुक्कामांपुढे स्वतःच्या अक्षरात नवे लिहून देतात. यंदाची नवमी त्या इंदूरलाच करणार आहेत. मुलाला रजा मिळेल की नाही, ते अजून कळलेलं नाही.